घटक ५ : आभासी खासगी जाळे – संकेत, किल्ली आणि विश्वास

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.

• आभासी खासगी जाळे म्हणजे काय, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येईल.
• प्रोटोकॉल या संकल्पनेचा ‘संकेत’ या मराठी शब्दाशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल.
• प्रमुख व्हीपीएन प्रोटोकॉलांची वैशिष्ट्ये व मर्यादा यांची तुलना करता येईल.
• व्हीपीएन कशापासून संरक्षण देते आणि कशापासून देत नाही, हे ओळखता येईल.

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण संगणकावरील मराठीचा, म्हणजे लिपी, टंक आणि युनिकोड यांचा विचार केला. लिहिलेला मजकूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो कसा आणि वाटेत तो कोणाच्या दृष्टीस पडतो, हा या घटकाचा विषय आहे. मराठीच्या विद्यार्थ्याने हा विषय का अभ्यासावा, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका अनुभवातून देतो.

सोलापुरातील एका संपर्कसत्रात एक प्रौढ विद्यार्थिनी वर्ग संपल्यावर थांबल्या. घरकाम आणि विड्या वळण्याचे काम सांभाळून त्या पदवीचे शिक्षण घेत होत्या. ‘प्रवेशशुल्क भरण्याची आज अखेरची संधी’ असा संदेश त्यांच्या मोबाईलवर आला. त्यातील दुव्यावर त्यांनी बँकेचा तपशील भरला आणि खात्यातील रक्कम गेली. त्यांचा प्रश्न मात्र वेगळाच होता. ‘‘सर, भाच्यानं फोनमध्ये व्हीपीएन टाकून दिलं होतं. ते चालू होतं. मग पैसे गेले कसे?’’

या प्रश्नाचे नेमके उत्तर त्या वेळी मला देता आले नाही. ते देण्याचा प्रयत्न म्हणजे हा घटक होय.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ तीन शब्दांचा अर्थ

व्हीपीएन म्हणजे आभासी खासगी जाळे. या संज्ञेतील तिन्ही शब्द महत्त्वाचे आहेत.

‘जाळे’ म्हणजे परस्परांशी जोडलेले संगणक. ‘खासगी’ म्हणजे ठरावीक लोकांनाच प्रवेश असलेले. ‘आभासी’ हा शब्द मात्र नीट समजून घ्यावा लागतो. समजा, सोलापुरातील एका चादर-उत्पादकाचा कारखाना अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आहे आणि विक्रीचे कार्यालय चाटी गल्लीत आहे. दोन्हीकडील संगणक एकमेकांना जोडायचे आहेत. स्वतःची स्वतंत्र तार टाकणे किंवा ती भाड्याने घेणे खर्चाचे आहे. इंटरनेट दोन्हीकडे आहे. पण तो सार्वजनिक रस्ता आहे. या सार्वजनिक रस्त्यावरूनच, पण इतरांना आत डोकावता येणार नाही अशा रीतीने, वाहतूक करण्याची व्यवस्था केली, तर प्रत्यक्षात वेगळा रस्ता नसूनही तो असल्यासारखा उपयोग होतो. म्हणून ते जाळे आभासी.

इंटरनेटवरील मजकूर लहान लहान पुडक्यांच्या रूपाने प्रवास करतो. प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. व्हीपीएन हे संपूर्ण पुडके, पत्त्यासकट, कुलूपबंद करते आणि दुसऱ्या पाकिटात घालते. बाहेरच्या पाकिटावर घेणाऱ्याचा म्हणून फक्त व्हीपीएन सर्व्हरचा पत्ता असतो. सर्व्हर ते पाकीट उघडून आतील पुडके मूळ पत्त्याकडे रवाना करतो. पाकिटात पाकीट घालण्याच्या या क्रियेमुळेच या मार्गाला ‘बोगदा’ असे म्हटले जाते.

बोगद्याची ही प्रतिमा आपल्या परिचयाची आहे. सोलापूरहून मुंबईला जाणारी गाडी लोणावळा सोडल्यावर बोरघाटातील बोगद्यांत शिरते. डोंगरावर उभ्या असलेल्या माणसाला गाडी आत गेली हे दिसते. ती केव्हा गेली आणि किती लांब होती, हेही कळते. आत कोण बसले आहे, हे मात्र दिसत नाही. त्याचप्रमाणे तुम्ही व्हीपीएन वापरत आहात, हे तुमच्या इंटरनेट कंपनीला सहसा कळते. आतील मजकूर कळत नाही. या प्रतिमेतील दुसरी गोष्टही ध्यानात ठेवावी : बोगदा संपतो, आणि गाडी पुन्हा उघड्यावर येते. तिचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

५.२.२ संकेत : एक शब्द, दोन अर्थ

मराठीत ‘संकेत’ या शब्दाला दोन अर्थछटा आहेत. ‘सामाजिक संकेत’ म्हणतो तेव्हा सर्वांनी मान्य केलेली रीत अभिप्रेत असते. ‘संकेतस्थळी भेटले’ म्हणतो तेव्हा दोघांतच ठरलेली, इतरांपासून लपवलेली खूण अभिप्रेत असते. भाषा ही पहिल्या अर्थाने संकेतव्यवस्था आहे, हे आपण भाषाविज्ञानाच्या अभ्यासात पाहिले आहे.

प्रोटोकॉल हा पहिल्या अर्थाचा संकेत होय. दोन संगणकांनी कोणत्या क्रमाने काय बोलावे, याविषयीचे ते जाहीर नियम असतात. मजकूर दडवणारे कूटलेखन हा दुसऱ्या अर्थाचा संकेत होय. व्हीपीएन प्रोटोकॉलमध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र येतात : दडवण्याची रीत जाहीर असते, तरी दडवलेले दडलेलेच राहते. हे कसे शक्य होते?

प्रथम आपल्या परंपरेतील गुप्त भाषा पाहू. लहान मुले ‘च’ची भाषा बोलतात. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि आरंभी ‘च’ लावायचा. म्हणजे ‘घर’चे ‘चरघ’ होते आणि ‘मला’चे ‘चलाम’. व्यापारी व दलाल यांची नंदभाषा याहून प्रगत होती. तीत तीनला ‘उधानू’, पाचला ‘मुळू’ आणि दहाला ‘अंगुळू’ म्हणत. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवला, तरी त्याला तो कळत नसे. सोलापुरातील कापडाच्या दुकानात आजही एक साधा प्रकार आढळतो. मराठीत चाललेले बोलणे किमतीच्या क्षणी तेलुगूत किंवा कन्नडमध्ये वळते. परंतु आपल्या बहुभाषिक शहरात समोरच्या गिऱ्हाइकालाही तेलुगू येत असण्याची शक्यता बरीच असते, आणि मग सगळेच उघडे पडते.

या तिन्ही उदाहरणांत दोष एकच आहे. रीत कळली की गुपित संपते. आणि रीत फार काळ लपून राहत नाही.

या दोषावरचा उपाय ज्याने सूत्ररूपाने मांडला, तो भाषांचा प्राध्यापक होता. ऑग्युस्ट केर्कहॉफ्स हा नेदरलँड्समध्ये जन्मलेला अभ्यासक पॅरिसमध्ये जर्मन शिकवीत असे. १८८३ मध्ये लष्करी कूटलेखनावरील लेखात त्याने असे प्रतिपादन केले की, कूटलेखनाची पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आजचे सर्व विश्वसनीय व्हीपीएन प्रोटोकॉल या तत्त्वावर उभे आहेत. कुलपाचा आराखडा जगाला दाखवलेला असतो, जगभरचे तज्ज्ञ त्यातील दोष शोधत असतात, आणि त्या परीक्षेत टिकलेले कुलूपच भरवशाचे मानले जाते. म्हणून एखादे ॲप ‘आमची गुप्त, कोणालाही ठाऊक नसलेली पद्धती’ अशी जाहिरात करीत असेल, तर ती वैगुण्याची खूण समजावी.

५.२.३ प्रोटोकॉलची चार कामे

व्हीपीएन प्रोटोकॉलला मुख्यतः चार कामे करावी लागतात.

१. ओळख पटवणे : पलीकडे खरोखर आपलाच सर्व्हर आहे, तोतया नाही, याची खात्री करणे.

२. किल्ली ठरवणे : उघड्या तारेवरूनच दोघांना सारखी किल्ली मिळणे. ऐकणाऱ्याने सर्व संभाषण ऐकले, तरी त्याला ती किल्ली काढता येऊ नये. हे अशक्य वाटते. पण व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये त्याची गणिती रीत प्रसिद्ध केली. चांगले प्रोटोकॉल प्रत्येक बैठकीसाठी नवी किल्ली ठरवतात. त्यामुळे उद्या एक किल्ली चोरीला गेली, तरी कालचे संभाषण उघडत नाही.

३. गुप्तता राखणे : त्या किल्लीने मजकूर कूटबद्ध करणे.

४. अखंडता तपासणे : वाटेत एका अक्षराचाही बदल झाला, तर तो ओळखणे. जुन्या पत्रावरील लाखेच्या मोहरेचे हेच कार्य होते.

कोणत्याही प्रोटोकॉलचे मूल्यमापन या चार निकषांवर करावे.

आपली प्रगती तपासा – १

रिकाम्या जागा भरा.
अ) केर्कहॉफ्सच्या मते पद्धती उघड असली तरी चालेल, मात्र ........ गुप्त हवी.
आ) मजकुरात वाटेत बदल झाला आहे का, हे तपासणे म्हणजे ........ तपासणे.

५.२.४ प्रमुख प्रोटोकॉल

*पीपीटीपी.* मायक्रोसॉफ्ट व तिच्या सहकारी कंपन्यांनी नव्वदच्या दशकात तयार केलेला हा प्रोटोकॉल विंडोजबरोबर मिळत असल्याने सर्वत्र पसरला. १९९८ मध्येच ब्रूस श्नायर आणि मज या तज्ज्ञांनी मायक्रोसॉफ्टच्या आवृत्तीतील गंभीर दोष दाखवले. २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी दाखवून दिले की, त्यातील ओळख पटवण्याची पद्धत मोडण्याचे काम अखेर ५६ बिटांची एकच किल्ली शोधण्यावर येते, आणि तेवढ्या किल्ल्या यंत्राने तपासून संपवता येतात. या प्रोटोकॉलचा वापर आता करू नये.

*एलटूटीपी आणि आयपीसेक.* एलटूटीपी १९९९ मध्ये प्रमाणित झाला. हा केवळ बोगदा खणतो. कुलूप लावत नाही. म्हणून त्याची जोड आयपीसेक या कूटलेखन करणाऱ्या प्रोटोकॉल-समूहाशी घालतात. आयपीसेकचे पहिले मानक १९९५ मधील असून योग्य रीतीने वापरल्यास ते आजही भक्कम मानले जाते. मात्र त्याची रचना गुंतागुंतीची आहे आणि गुंतागुंतीत चुकांना जागा मिळते. अनेकदा सर्व ग्राहकांना एकच सामायिक किल्ली दिली जाते. एका वाड्यातील सर्व बिऱ्हाडांच्या कुलपांना एकच किल्ली असावी, तसा हा प्रकार होय.

*आयकेईव्हीटू.* किल्ली ठरवण्याचा हा प्रोटोकॉल २००५ मध्ये मानक म्हणून आला. तो आयपीसेकच्या जोडीने चालतो. आपण घरातील वायफायवरून मोबाईल डेटावर गेलो, तरी पूरक मानकाच्या साहाय्याने त्याला जोडणी टिकवता येते. म्हणून मोबाईलसाठी तो सोयीचा ठरतो.

*ओपनव्हीपीएन.* जेम्स योनान यांनी २००१ मध्ये सुरू केलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प आहे. मुक्तस्रोत म्हणजे ज्याची आज्ञावली कोणालाही वाचता येते. सुरक्षित संकेतस्थळांसाठी वापरले जाणारे टीएलएस तंत्र त्यात आहे. त्याच्या आधाराला असलेल्या ओपनएसएसएल या संचात २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष आढळला आणि तो लगेच दुरुस्त करण्यात आला. ज्यांनी नवी आवृत्ती घेतली नाही, त्यांचा धोका मात्र कायम राहिला. आज्ञावली उघड असल्यामुळे दोष आपोआप नाहीसे होत नाहीत. ते सापडण्याची व दुरुस्त होण्याची शक्यता वाढते, एवढेच.

*वायरगार्ड.* जेसन डोननफेल्ड यांनी रचलेला हा प्रोटोकॉल मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत अंतर्भूत झाला. लिनक्ससाठीची त्याची मूळ आज्ञावली सुमारे ४,००० ओळींची होती. एवढी आज्ञावली एका माणसाला वाचून तपासता येते. त्यात कूटलेखनाच्या पद्धती निवडण्याचे पर्याय ठेवलेले नाहीत. त्यामुळे जुनी, दुबळी पद्धती चुकून निवडली जाण्याचा प्रश्न उरत नाही. गाथेची संहिता शोधणाऱ्या संशोधकाला अल्पाक्षरी पाठ तपासणे सोपे जाते, तसेच हे आहे.

आजच्या वापरासाठी वायरगार्ड, ओपनव्हीपीएन किंवा आयपीसेकसह आयकेईव्हीटू यांपैकी कोणताही प्रोटोकॉल योग्य ठरतो.

५.२.५ बोगदा कोठे संपतो?

आता आपण आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. प्रोटोकॉल उत्तम असला, तरी तीन ठिकाणी काळजी घ्यावी लागते.

पहिले ठिकाण म्हणजे बोगद्याचे आपल्याकडील तोंड. २०२४ मध्ये संशोधकांनी ‘टनेलव्हिजन’ या नावाने एक हल्ला दाखवला. आपण ज्या वायफायला जोडले जातो, त्याचा चालक आपल्या यंत्राला खोटा मार्ग सांगून वाहतूक बोगद्याबाहेर वळवू शकतो. कूटलेखन तुटत नाही. गाडी बोगद्यात शिरतच नाही. शिवाय यंत्रातच घातक आज्ञावली शिरली असेल, तर कूटबद्ध होण्यापूर्वीच मजकूर वाचला जातो.

दुसरे ठिकाण म्हणजे व्हीपीएन पुरवणारी कंपनी. पूर्वी इंटरनेट कंपनीला आपण कोठे जातो हे दिसत असे. आता ते व्हीपीएन कंपनीला दिसू शकते. विश्वास ठेवण्याची गरज संपत नाही. विश्वासाची जागा बदलते. फुकट सेवा देणाऱ्याचा सर्व्हरचा खर्च कोठून तरी भागत असणार, हा व्यवहारी विचार येथे उपयोगी पडतो.

या संदर्भात भारतातील नियम माहीत असावा. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यानुसार व्हीपीएन पुरवठादारांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, दिलेला आयपी पत्ता आणि वापराचा हेतू यांची नोंद सेवा बंद झाल्यानंतरही किमान ५ वर्षे ठेवणे बंधनकारक झाले. कंपन्यांच्या अंतर्गत वापराचे व्हीपीएन यातून वगळल्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. गुन्ह्यांच्या तपासासाठी हे आवश्यक असल्याची शासनाची भूमिका होती; खासगीपणाला बाधा येते, असा टीकाकारांचा आक्षेप होता. काही परदेशी कंपन्यांनी भारतातील सर्व्हर काढून घेतले. व्हीपीएन वापरणे हा आपल्या देशात सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. पण त्याच्या आडून केलेला गुन्हा हा गुन्हाच राहतो.

तिसरे ठिकाण म्हणजे बोगद्याचे पलीकडचे तोंड. याचे मोठे उदाहरण पुण्यात घडले. ११ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व्यवहारांच्या यंत्रणेवर घातक आज्ञावलीने हल्ला झाला. हल्लेखोरांनी व्यवहारांना मंजुरी देणारी तोतया यंत्रणा उभी केली. २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट या बँकांच्या संदेशवहन-जाळ्यामार्फत आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला पाठवले गेले. एकूण रक्कम सुमारे ९४ कोटी होती. हे व्हीपीएनवरील आक्रमण नव्हते, आणि म्हणूनच ते येथे बोधप्रद आहे. मार्ग कितीही बंदिस्त असला, तरी ‘होय’ म्हणणाराच तोतया असेल, तर बंदिस्त मार्गावरून तोतयाचाच ‘होय’ सुखरूप पोहोचतो.

आपल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्यांनी भरलेला तपशील बोगद्यातून गेला, बोगद्याबाहेर आला आणि खोट्या संकेतस्थळाच्या स्वाधीन झाला. वाटेत तो कोणीही चोरला नाही. ज्याला तो पाठवला, तोच चोर होता. व्हीपीएन मार्गाचे रक्षण करते; मुक्कामाची पारख करणे हे आपले काम आहे. आणि ती पारख बऱ्याच अंशी भाषिक असते. ‘आज अखेरची संधी’ ही घाईची शब्दयोजना, संस्थेच्या नावातील एखादे बदललेले अक्षर, अनोळखी वळणाचे मराठी या खुणा वाचणे, हे भाषेच्या विद्यार्थ्याचे शिक्षणच आहे. मात्र निर्दोष मराठीतील संदेशही खोटा असू शकतो. म्हणून दुव्यावर न जाता संस्थेचा पत्ता स्वतः टंकित करावा. अशी फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे आणि आपल्या बँकेलाही कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

५.३ सारांश

व्हीपीएन सार्वजनिक जाळ्यावर खासगी मार्गाचा आभास निर्माण करते. प्रोटोकॉल म्हणजे त्या मार्गाचे जाहीर नियम. सुरक्षितता नियम लपवण्यात नसून किल्ली जपण्यात असते. पीपीटीपी कालबाह्य आहे. वायरगार्ड, ओपनव्हीपीएन व आयकेईव्हीटू उपयुक्त आहेत. व्हीपीएनमुळे विश्वासाची गरज नाहीशी होत नाही; ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. तो हात कोणाचा, हे पाहणे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे.

५.४ पारिभाषिक शब्द

कूटलेखन : किल्लीच्या साहाय्याने मजकूर इतरांना न कळेल असा करणे.
बोगदा : एका पुडक्यात दुसरे पुडके घालून निर्माण केलेला बंदिस्त मार्ग.
मुक्तस्रोत : ज्याची आज्ञावली सर्वांना वाचण्यास खुली आहे असे.
अखंडता : मजकूर मूळ स्वरूपात, बदलाविना पोहोचणे.

५.५ ‘आपली प्रगती तपासा’ची उत्तरे

अ) किल्ली आ) अखंडता

५.६ स्वाध्याय

१. ‘संकेत’ या शब्दाच्या दोन अर्थांच्या आधारे प्रोटोकॉल व कूटलेखन यांतील फरक सोदाहरण लिहा.
२. पीपीटीपी आणि वायरगार्ड यांची चार निकषांवर तुलना करा.
३. ‘व्हीपीएनमुळे विश्वासाची जागा बदलते.’ या विधानाची चर्चा करा.

५.७ उपक्रम

आपल्या परिसरातील विणकर, दलाल, भाजीविक्रेते अथवा मुले वापरत असलेल्या एखाद्या गुप्त भाषेचे दहा शब्द, बोलणाऱ्यांच्या संमतीने, नोंदवा. त्या भाषेतील ‘रीत’ कोणती आणि ‘किल्ली’ म्हणता येईल असे काही तीत आहे काय, याचा विचार करून एक पानाचे टिपण लिहा. आपल्या मोबाईलमध्ये व्हीपीएन असल्यास ते कोणता प्रोटोकॉल वापरते, हे सेटिंग्जमध्ये शोधून त्याचीही नोंद त्या टिपणात करा.